सुकटीचा डबा घेऊन माथेरान

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे गादी उन्हात घातली. रविवार होता. आमची खोली परळला चाळीत, तिसऱ्या माळ्यावर. गॅलरीत ऊन येतं ते साडेनऊ ते अकरा, बस्स. आधी समोरच्या मिलच्या चिमणीची सावली पडायची, आता तिथं टॉवर झालाय, त्याची पडते. एक टोक मी धरलं, एक माझ्या बायकोने, शेवंताने, आणि गादी कठड्यावर टाकली. ही निळ्या पट्ट्यांची गादी तिने मिलच्या संपाच्या सुमारास कुठूनशी आणली होती. त्या दिवसांत घरातली पातेली विकायला निघाली होती, तरी गादी आली कशी हे मी काही विचारलं नव्हतं.

मी काठीने झोडत होतो, ती नाकाला पदर लावून उभी होती. एका कोपऱ्याची शिवण उसवली होती. बाहेर आलेला कापूस तिने बोटाने आत ढकलला.

"इथे टाका घाला हो," ती म्हणाली. "मला सुईत दोरा ओवायला दिसत नाही."

"रविवारी बघू."

"आज रविवारच आहे."

मग जरा थांबून म्हणाली, "भिवाभावजी माथेरानला असतात म्हणे. रामबागच्या बाजूला. एकदा जाऊन या. भरल्या ताटावरून उठवलात तुम्ही त्यांना."

हे ती वर्षातून एकदा तरी बोलायचीच. मीही दर वेळचं उत्तर दिलं, "गद्दाराचं नाव या घरात नको."  आम्ही गादी उलटवली, दुसरी बाजू तापवली आणि आत नेली.

मंगळवारी सकाळी ती नळावर हंडा भरायला गेली आणि तिथेच खाली बसली. हॉस्पिटलात पोचेपर्यंत आटोपलं होतं.

आता भिवाचं सांगतो, म्हणजे मी माथेरानला का गेलो ते कळेल. चाळीच्या वाचनालयाच्या अंकाला एखाद्या सहलीवर लेख हवा होता, तो हाच. मी चौथीपर्यंत शिकलो, जसं घडलं तसं लिहितोय.

शेवंता खानावळ चालवायची. एकट्या राहणाऱ्या मिलवाल्यांना दोन वेळचं जेवण. दहा बाय बाराच्या खोलीत बारा माणसं, दोन पंगती. त्यात भिवा. तो साताऱ्याकडचा, आम्ही कोकणातले. मिलमध्ये माझ्याच खात्यात, माझ्या शेजारचे साचे (कापड विणायचे माग) तो चालवायचा. पहिल्या दिवशी मासळी बघून नाक धरलं होतं त्याने. शेवंताने त्याला सुकट (सुकवलेली बारीक कोळंबी) खायला शिकवली. पुढे पुढे ताटात सुकट नसली की तोंड पाडून बसायचा.

संप लागला आणि माणसं गावाला गेली. खानावळीत तिघेचौघे उरले, त्यात भिवा. एका दुपारी तो जेवायला बसला. शेवंताने भात वाढला, वर सुकटीचं कालवण घातलं. त्याने भात कालवायला हात घातला, मान खाली केली आणि मला त्याच्या केसांत कापूस दिसला. भुवयांवरही होता.

ज्याने मिल बघितली नाही तो म्हणेल, कापूसच ना. आमच्यासाठी तो पुरावा होता. मिल चालू असताना आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर तो असायचा, उंबऱ्यावर झटकूनच आत यायचं. संपाला आठ-नऊ महिने झाले होते आणि अख्ख्या गिरणगावाची डोकी काळीभोर स्वच्छ होती. मालक चोरून माणसं आत घेतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. मी भिवाला काही विचारलं नाही. "ऊठ," एवढंच म्हणालो.

शेवंता म्हणाली, "अहो, जेवू द्या त्यांना."

मी पुन्हा म्हणालो, "ऊठ."

तो उठला. मोरीत हात धुतला, शेवंतापुढे मान लववली आणि गेला. भिवा आत गेला, भिवा गद्दार निघाला, हे मी चाळीत आणि नाक्यावर सांगत सुटलो. त्यानंतर त्याची माझी गाठ नाही. ते ताट शेवंताने संध्याकाळपर्यंत झाकून ठेवलं होतं.

शेवंता गेली त्याला महिना झाला. शेजारची सुमनबाई म्हणाली, "दादा, गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये." खरं आहे, आमच्यात ठेवत नाहीत. जुन्या गाद्या नेणारा एक फेरीवाला सोमवारी सकाळी येतो, त्याला सांगून ठेवलं. गादी गुंडाळली, सुतळीने बांधली आणि दाराआड उभी केली. मी चटईवर झोपत होतो. सकाळी डोळे उघडले की दाराआड कोणीतरी उभं आहे असं वाटायचं.

फेरीवाला यायच्या आदल्या दिवशी, रविवारी, मी माथेरानला निघालो. माफी मागायला नाही, हे स्पष्ट लिहितो. शेवंताचा शब्द राहिला होता म्हणून. सुकट-भात न्यायचा, भिवापुढे ठेवायचा, ताट पुरं झालं म्हणायचं आणि परत यायचं. लालबागहून मसाला आणून जन्मात पहिल्यांदा सुकट केली. वरच्या पुडात भाकऱ्या, मधल्यात भात, खालच्यात सुकट, असा तीन पुडांचा डबा भरला.

नेरळला उतरलो तेव्हा आठ वाजले होते. डोंगरावर जाणारी लहान गाडी सुटून गेली होती. सहा जणांच्या टॅक्सीत सातवा बसलो. घाट असा वळतो की एकदा दरी डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि माझा डबा मांडीवर दोन्हीकडे कलंडतो. शेजारच्या बाई नाक मुरडून म्हणाल्या, "आजोबा, डब्यात काय आहे?" मी म्हणालो, "सुकट." त्यांनी खिडकी उघडली.

दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. पुढे मोटार नाही, पायी चाला, नाहीतर घोडा, नाहीतर हातरिक्षा. हातरिक्षा म्हणजे पुढे एक माणूस ओढतो आणि मागून दोघं ढकलतात. एक घोडेवाला माझ्या मागेच लागला.

"बाबा, घोडा करा. गुडघे वाचतील."

"घोड्याचे गेले तर?"

"त्याचे तरणे आहेत."

"मग त्याला राहू दे तसाच," मी म्हणालो आणि चालायला लागलो.

रुळांच्या कडेने वाट जाते. माती तांबडी, कोकणातल्यासारखी. पण आमच्याकडे ती ओली लागते, इथे पिठासारखी उडते. पायजमा घोट्यापर्यंत लाल झाला. दोन्हीकडे जांभळीची आणि हिरड्याची झाडं, इतकी दाट की उन्हाची नुसती नाणी खाली पडलेली. जागोजागी अंजनीला जांभळट निळी फुलं आली होती, फांदीला थेट चिकटून. बघण्यासारखं आहे, हे मी कबूल करतो. पण मी बघत होतो ते पायाखाली. शेवंता असती तर तिने मला चार ठिकाणी थांबवलं असतं, माझी बोलणी खाल्ली असती आणि तेवढाच मला दम खाता आला असता. एकटा माणूस थांबत नाही, चालत राहतो आणि मग एकदम बसतो. मी तसा तीनदा बसलो.

बाजारपेठ लागली. चिक्की, चपला, काठ्या, टोप्या. चहा घेतला आणि रामबागची वाट धरली. ही वाट अजून निवांत. माणसं म्हणत होती, पक्षी किती ओरडताहेत. मला काही ऐकू येत नव्हतं. माझे कान साच्यांनी खाल्ले. खात्यात एवढा आवाज असायचा की आम्ही बोलायचो ते हातांनी आणि ओठांनी. त्यामुळे मला माणसाच्या तोंडाकडे बघावं लागतं, आणि लोकांना वाटतं म्हातारा टक लावून बघतो.

रामबाग पॉइंटला एक बाई लिंबू सरबत विकत होती. सरबत घेतलं आणि विचारलं, "इथे भिवा म्हणून कोणी राहतो का? साताऱ्याचा, माझ्या वयाचा."

"मिलवाला भिवा? बहिरा?"

"तोच असेल."

"तो इथून गेला हो. दोन वर्षं झाली. आधी हातरिक्षा ओढायचा, छातीत दुखायला लागलं तसं सोडलं. आता एको पॉइंटच्या वाटेवर जुना बंगला आहे, हिरव्या फाटकाचा, तिथं राखण करतो." मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "भेटायला आलाय की भांडायला? चेहरा भांडणाचा दिसतोय."

"चेहरा असाच आहे माझा."

"मग मालकीण सोशीक असणार तुमची," ती म्हणाली. मी पेला ठेवला आणि निघालो.

म्हणजे सगळा डोंगर आडवा ओलांडायचा. उन्हं डोक्यावर आली होती. मधल्या जंगलवाटेवर एका दगडावर डबा ठेवला आणि चपलेतला खडा काढायला वाकलो. तेवढ्यात माकडं आली. एकाने डबा खाली पाडला, कडी उघडली, दुसरा भाकऱ्या घेऊन झाडावर. मी काठी उगारेपर्यंत भातही मातीत सांडला. खालचं पूड एका थोराड माकडाने उघडलं, हुंगलं, माझ्याकडे बघितलं आणि तसंच टाकून गेलं. घाटी असावं. मी सुकट उचलली, झाकण घट्ट लावलं. त्या झाडावर भाकरी खाणाऱ्या माकडाकडे बघत बराच वेळ बसलो. परत फिरावं असं वाटलं. तिने सांगितलेलं एक काम, तेही धड होत नव्हतं.

पण उतार पुढच्या बाजूला होता म्हणून पुढेच गेलो. खरं कारण एवढंच.

शार्लट तलाव लागला. पाणी हिरवट, काठाला झाडी वाकलेली. तोंड धुतलं. पुढे एको पॉइंट. तिथून दरी सरळ खाली कोसळते आणि समोर प्रबळगड उभा आहे. पश्चिमेला नुसता धूसर पट्टा दिसतो. एकाने सांगितलं, हवा स्वच्छ असली की तिकडे मुंबई दिसते. मी बघत राहिलो, त्या धुरकटात कुठेतरी आमची गॅलरी असणार. कठड्याशी बायकामुलं हाका मारत होती आणि डोंगर हाक परत देतो म्हणून हसत होती.

"आजोबा, तुम्हीपण मारा की हाक," एक बाप्या म्हणाला.

"मला परत आलेली ऐकू येणार नाही."

"आम्ही सांगू की आली म्हणून."

कोणाला हाक मारणार? बायकोला मी जन्मात नावाने बोलावलं नाही. 'अगं' म्हणून हाक मारली तर डोंगराने काय समजायचं? मी निघालो.

हिरवं फाटक तिथून जवळच होतं. आत पाचोळा लोटत एक माणूस पाठमोरा उभा. पाठीवरून ओळखला, कारण साच्यांवर बारा वर्षं मी त्याची पाठच बघत होतो. हाक मारून उपयोग नव्हता. फाटक हलवलं. धक्का जमिनीतून कळला की काय कोण जाणे, तो वळला. वाळून काडी झाला होता. माझ्याकडे बघून झाडू भिंतीला टेकवला.

"बाबल," माझं नाव घेत त्याचे ओठ हलले. मग लगेच, "वहिनी?"

 माझा हात आपोआप वर गेला. खात्यात साचा बंद पडला की आम्ही लांबून खूण करायचो, उताणा पंजा असा आडवा फिरवायचो. तीच खूण केली. भिवा पायरीवर बसला. मीही बसलो. फाटक उघडंच राहिलं.

तो म्हणाला, "कधी?"

"महिना झाला. नळावर."

"झोपायच्या कशावर? गादी होती का अजून?"

"कसली गादी?"

"निळ्या पट्ट्यांची. एक कोपरा माझा कच्चा राहिला होता, पुढेमागे उसवणार हे माहीत होतं मला."

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो, नीट वाचत होतो. "तुला काय माहीत ती गादी?"

"मीच भरली ती."

 मग मी ते विचारलं. "त्या दिवशी तू मिलमध्ये गेला नव्हतास?"

भिवा हसला. दात राहिले नव्हते. "आता विचारलंस होय?"

मग त्याने सांगितलं. माझगावात एका गादीवाल्याकडे तो कापूस पिंजायला जायचा. आई गावी आजारी होती. साच्यांवरचा विणकर पिंजाऱ्याच्या हाताखाली बसतो ही लाज वाटायची, म्हणून कोणाला बोलला नाही. ताटावरून उठला तो तिथेच गेला. पुढे संप फसल्यावर त्याची कर्जतकडे दिलेली बहीण त्याला घेऊन गेली. जाण्याआधी त्याने गादी भरली आणि मी घरात नसताना शेवंताकडे पोचवली, खाल्लेल्या अन्नासाठी.

"वहिनींना सगळं सांगितलं होतं," भिवा म्हणाला. "आणि शपथ घातली होती. बाबलने आपण होऊन विचारलं तरच सांगा. नाहीतर नको."

मी कधी विचारलं नाही. ती दर वर्षी ताटाची आठवण काढायची ती मी विचारावं म्हणून. आणि मी तिला नावसुद्धा काढू देत नव्हतो. तिने सांगून टाकायला हवं होतं, असं मला वाटून गेलं, आणि राग आला. मग राग करायला ती नाही हे आठवलं.

"नाक्यावर मी तुझं नाव घेतलं," मी म्हणालो. "सगळ्यांना सांगितलं."

"ठाऊक आहे. त्यापायीच तर मुंबई सोडली."

 मी डबा पुढे केला. म्हणालो, "सुकट आहे. भात माकडांनी सांडला. सुकट त्यांना चालली नाही, साताऱ्याची असतील."

त्याने डबा हुंगला. "जळली आहे खालून."

"पहिल्यांदाच केली."

"भात मी टाकतो," तो म्हणाला.

त्याच्या खोलीत एक चूल, एक खाट, दोन ताटं. भात झाला. तो मला वाढायला लागला तेव्हा मी पळी काढून घेतली. मी कधी कोणाला वाढलेलं नाही. आमच्या घरी ते काम माझं नव्हतं. भाताचा ढीग एका बाजूला गेला, कालवण ताटाबाहेर सांडलं. भिवा बसला, भात कालवला, दोन घास खाल्ले. मग हात ताटात तसाच ठेवून माझ्याकडे वर बघितलं.

"आता उठू का?"

थट्टा होती ती. पण मी पळी खाली ठेवली. त्याच्यासमोर जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "चुकलो, भिवा." आवाज मोठा निघाला असणार, कारण बहिऱ्याला आपला आवाज कळत नाही. त्याने मान हलवली. माफ केलं असं काही तो बोलला नाही. ताट मात्र पुसून खाल्लं, जळकं खरडून. मग मला वाढलं.

निघताना फाटकापर्यंत आला. "गादी देऊन टाकू नको," म्हणाला. "आतला कापूस चांगला आहे. कोपरा शिव."

परतीची वाट मला फारशी आठवत नाही. तीच झाडं, तीच माती, गुडघे बोलत होते. दस्तुरीला तोच घोडेवाला भेटला. "काय बाबा, किती पॉइंट केले?" मी म्हणालो, "एक." त्याला वाटलं म्हातारा दमला. दमलो तर होतोच. लोक डोंगरावर मन हलकं करायला जातात म्हणे. माझं तसं झालं नाही. जाताना भिवाचा गुन्हा घेऊन चढलो होतो, तो परत आणताना माझा होता, आणि उतारावर ओझं जास्त लागतं. पण कोणाचं ओझं कोणाकडे, एवढं तरी ठिकाणावर आलं.

सोमवारी सकाळी गादीवाला आला. त्याला सांगितलं, द्यायची नाही. तो कुरकुरत गेला. सुतळी सोडली. गादी गॅलरीत न्यायची तर दुसरं टोक धरायला कोणी नाही, म्हणून आधी एक टोक कठड्यावर टाकलं आणि मग मागून ढकलली. काठीने झोडली. कोपऱ्यातून थोडा कापूस बाहेर काढून बोटांनी पिंजला आणि परत भरला. सुईत दोरा चौथ्या वेळेला गेला. टाके वाकडे पडले पण घट्ट पडले. ऊन जायच्या आत एकट्यानेच ती उलटवली.

मग पिशवी घेऊन दूध आणायला निघालो. जिन्यात सुमनबाई भेटली.

"दादा, केसांत कापूस लागलाय," ती म्हणाली.

"असू दे," म्हणालो, आणि तसाच खाली उतरलो.